बादलीवरचं नाव

माझी लेक मला काही समजावून सांगायला लागली की असा आवाज काढते, जणू मी आत्ताच एसटीतून उतरलेय आणि मला कुणीतरी रस्ता ओलांडून द्यायचाय. तिच्या कारखान्यात औषधाच्या कुप्या, नळ्या असलं प्लॅस्टिकचं सामान तयार होतं. परवा तिनं मला तिथलं एक यंत्र दाखवलं. पोलादी पेटी, तिला जाड काचेची खिडकी, आणि आत जांभळा उजेड. ‘याला प्लाझ्मा म्हणतात, आई,’ ती म्हणाली. पेटीतली हवा काढून घ्यायची, थोडा गॅस सोडायचा आणि वीज द्यायची. मग तो गॅस असा जांभळा उजळतो आणि प्लॅस्टिकला वरच्यावर शिवून जातो. वस्तू वितळत नाही, वाकत नाही, डोळ्याला काही फरक दिसत नाही. पण जिच्यावर आधी शाई ठरत नव्हती, गोंद धरत नव्हता, तिच्यावर मग ते धरायला लागतं. तिनं दोन नळ्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. एकीवर तो टुमटुमीत गोळी होऊन बसला, दुसरीवर पसरला.

मी म्हटलं, ‘हे आम्ही पूर्णेत करत होतो.’

तिनं ‘हो का?’ म्हणून माझ्या हातात चहा दिला. तिच्या त्या ‘हो का’चा मला राग आला. आमच्याकडं जांभळा उजेड नव्हता हे खरं, निळा होता. पण काम तेच होतं, आणि ज्या बाईसाठी ते केलं ती हिची आजी.

लग्न होऊन मी पूर्णेला आले तेव्हा नवऱ्याचं स्टेशनच्या रस्त्याला दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची खोली. त्यात स्क्रीन प्रिंटिंग चालायचं. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली बारीक जाळी, जाळीत फक्त अक्षरांपुरती वाट मोकळी. वरून शाई ओतायची आणि रबरी पट्टीनं ओढायची, की खाली अक्षरं उमटतात. लग्नपत्रिका, दुकानदारांच्या कापडी पिशव्या, आणि ती नामांतराची वर्षं असल्यामुळं मोर्चाचे फलक. त्या फलकांचे पैसे नवरा घ्यायचा नाही आणि निळी शाई मात्र सगळी त्यातच संपायची. मी कटकट करायची, आणि संध्याकाळी फलक वाळत घालायलाही मीच असायची.

सासूला मी आत्या म्हणायची, आमच्याकडं तशीच रीत. आत्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांचं नाव काय हे लग्नानंतर कितीतरी वर्षं मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शेजारणी त्यांना माझ्या नवऱ्याच्या नावानं ‘अमक्याची माय’ म्हणायच्या. रेशनवाला मावशी म्हणायचा. सासरे होते तोवर ‘अगं’ म्हणायचे आणि त्यांचं तेवढ्यात भागायचं. कुणाला त्यांना नावानं हाक मारायची गरजच पडली नाही.

भांड्यांवर नावं घालायची तर आपल्याकडं घरोघर पद्धत. तांब्यावर बापाचं नाव, परातीवर मामाचं, हंड्यावर आणखी कुणा पुरुषाचं. आत्यांच्या संसारातही असली भांडी होती. नामांतराची मागणी पेटली त्या पहिल्या वर्षी गावातली आमच्या वस्तीतली घरं जाळली गेली, त्यात त्यांचं घर गेलं. सासऱ्यांनी लेकरांना घेऊन पूर्णा गाठली. आत्या त्याबद्दल बोलायच्या नाहीत. एकदाच, भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘तांब्याचा हंडा व्हता माजा. जळला न्हाई, नुस्ता काळा पडला व्हता. पर तवा उचलून आनाया कुनाला सुचतंय?’ आणि पुन्हा घासायला लागल्या.

मग नणंदेचं लग्न ठरलं, गंगाखेडला. मुलगा शाळेत मास्तर, घर चांगलं, पण पाणी लांबून आणायचं. हापसा गल्लीच्या पार टोकाला. हे कळल्यावर आत्यांनी ठरवून टाकलं की लेकीला पितळ, तांबं काही द्यायचं नाही. ‘हंडे वाहून वाहून माजी कंबर गेली. हिची म्या जाऊ देनार न्हाई,’ म्हणाल्या. रेल्वेच्या क्वार्टरमधल्या बायकांच्या गोधड्या शिवून त्यांनी जे साठवलं होतं त्यातून प्लॅस्टिकच्या बादल्या आणल्या, टब आणला, पाण्याचा जग आणला, झाकणाचे डबे आणले. सगळं लाल नाहीतर हिरवं. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा प्लॅस्टिकची नवी बादली घरात आली की शेजारीपाजारी बघायला यायचे, उचलून बघायचे, आणि किती हलकी म्हणून हसायचे.

सगळं सामान ओसरीत मांडून आत्या मुलाला म्हणाल्या, ‘ह्याच्यावर माजं नाव टाक.’

‘तुझं?’ माझा नवरा म्हणाला. त्यानं वाईट मनानं विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

‘व्हय, माजं. मामाचं नाव स्टीलवर हाय. बापाचं पत्रिकेत हाय. पोरगी म्या पन पोसली की रे.’

मी कागद-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, आत्या, सांगा. त्यांनी दाराकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि हळूच सांगितलं. काही चोरलेलं परत द्यावं तसं सांगितलं. इतकं छान नाव होतं, आणि मी इतकी वर्षं त्यांच्या हातची भाकरी खात होते! मला एकदम रडूच आलं. आत्या म्हणाल्या, ‘आता ह्यात काय झालं तुला?’

आधी आम्ही भांड्यांच्या दुकानाबाहेर बसणाऱ्या, नावं घालणाऱ्याकडं गेलो. त्याचं ते विजेचं यंत्र स्टीलवर टकटक टकटक सुंदर अक्षर काढायचं. जगावर त्यानं पहिलंच अक्षर धरलं आणि सुई आरपार गेली. आम्ही भोक पडलेला जग घेऊन घरी आलो. आत्यांनी त्यात तुळस लावू म्हटलं, मी कोथिंबीर म्हटलं, आणि शेवटी नवऱ्यानं त्यात थिनरच्या चिंध्या ठेवल्या.

मग स्क्रीन केली. वर आत्यांचं नाव, खाली ‘नवरीच्या आईकडून’. बादली आडवी धरून स्क्रीनखालून फिरवत फिरवत छापायला नवऱ्यानं एक लाकडी घोडी ठोकून घेतली. पांढरी शाई, लाल बादली. अक्षर असं उठून दिसत होतं की मी स्वतःच दोनदा लांब जाऊन बघून आले. बादली दिवसभर सावलीत वाळवली. दुसऱ्या दिवशी आत्यांनी ती हौसेनं धुवायला घेतली, आणि तळहात फिरवला तसं नाव निघून आलं. पुसट झालं नाही, फाटलं नाही. लसणाचं साल सुटावं तसं अख्खं सुटून त्यांच्या ओल्या हातावर आलं.

त्या हात तसाच धरून बसल्या. ‘ऱ्हात न्हाई गं,’ म्हणाल्या. ‘माजं नाव न्हाई ऱ्हात.’

मी पाण्याला नावं ठेवली, शाईला ठेवली, शाई देणाऱ्याच्या सात पिढ्यांना ठेवली. आत्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मामाचंच घाला मंग ह्याच्यावर बी. ज्याचं ऱ्हातंय त्याचं घाला.’ त्यांचा तो आवाज मला अजिबात सहन झाला नाही. लग्न चार-आठ दिवसांवर आलेलं, घरात हजार कामं. पण मी नवऱ्याला सांगितलं की मांडव पडला नाही तरी चालेल, हे नाव टिकलं पाहिजे. तो म्हणाला, तू बोलूच नको, मला कळतंय.

शाई नांदेडहून यायची. कुठं तरी रास्ता रोको होता, एसट्या डेपोत उभ्या होत्या, म्हणून तो रेल्वेनं गेला. शाईवाले चाचा म्हातारे, त्या धंद्यात केस पिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आग दिखाओ उसकू, फिर छापो.’ नवऱ्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. प्लॅस्टिकला आग? पण चाचांनी नीट सांगितलं. हे प्लॅस्टिक जातीचंच तेलकट, ते कुणाला धरत नाही, ना पाण्याला, ना शाईला. निळ्या ज्वाळेचं टोक त्याच्यावरून झरकन फिरवलं की वरचा पापुद्रा तेवढा बदलतो, तेलकटपणा जातो, मग शाई आत पाय रोवते. पिवळी ज्वाळा नको, काजळी धरेल. थांबायचं नाही, वितळेल. आणि आग दाखवल्यावर वेळ न घालवता छापायचं, मधे हात लावायचा नाही.

आमच्या शेजारी रेल्वेच्या केबलचं काम करणारे एक काका होते. त्यांच्याकडून केरोसीनचा ब्लो लॅम्प आणला. पितळी टाकी, पंप मारायचा, की पुढच्या नळीतून फरफर निळी ज्वाळा निघते. पहिला हात नवऱ्यानं मारला आणि टबाचा एक कान लोंबकळला. तो फलक रंगवणारा माणूस, त्याचा हात ठाय लयीचा. मी त्याच्या हातातून लॅम्प काढून घेतला. पापड भाजताना हात कुठं थांबतो का? तसाच मी फिरवला, वरून खाली, एकदा, आणि पुढं. बादली हाताला जराशी कोमट लागली, बस. दिसायला काहीच झालं नव्हतं. मला वाटलं, फुकट गेलं.

मग त्याच्यावर तांब्यानं पाणी ओतलं. आधी या बादलीवरून पाणी अळवाच्या पानावरून जावं तसं गोळ्या गोळ्या होऊन पळायचं. आता ते पसरलं. जिथं जिथं ज्वाळा फिरली होती तिथं सगळीकडं एकसारखं, पातळ, ओली चादर टाकल्यासारखं बसून राहिलं.

आत्या खाली वाकून बघत होत्या. ‘पानी धरलं की गं हिनं!’ म्हणाल्या. नाव सुटून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू आलं. त्या हसल्या की एका बाजूचा दात पडलेला दिसायचा आणि त्या लगेच तोंडाला पदर लावायच्या. त्या दिवशी लावला नाही.

पण छापायचं लांबलं ते हळदीच्या दिवशीच्या दुपारपर्यंत, कारण नवऱ्याला मांडव, आचारी आणि पाहुणे यांतून सवड मिळेना. लग्न विहारात, वंदना घेऊन, पांढऱ्या साडीत व्हायचं होतं. विहारातल्या शिकलेल्या पोरांना हळद, तेल असलं काही पटायचं नाही. आत्या त्यांचं सगळं ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि घरी येऊन हळद भिजवायच्या. तर त्या दुपारी मी सगळ्या सामानाला आग दाखवली, पाणी ओतून बघितलं, सुकवून ओळीनं ओसरीत मांडलं. नवरा आत शाई घोटत होता. तेवढ्यात पाहुण्या बायका आल्या, मी चहा ठेवायला उठले. जाताना आत्यांना म्हटलं, बघा बरं, कुणाला हात लावू देऊ नका. ‘न्हाई न्हाई,’ त्या म्हणाल्या, ‘हितंच बसते.’

आणि बसल्या होत्याच. परत आले तेव्हा तिथंच, राखण करत. नवरा चौकट घेऊन बाहेर आला, पहिली बादली घोडीवर ठेवली. मला आपलं वाटलं, एकदा शेवटचं पाणी टाकून बघावं. टाकलं. पाणी पसरलं, आणि पसरता पसरता चार ठिकाणी मागं सरलं. चार लांबट डाग, कोरडे, शेजारी शेजारी. मी वाकून बघितलं. बोटं होती. पिवळसर, तेलाची, चार बोटं. दुसऱ्या बादलीवर तीच. टबावर तीच. प्रत्येक डब्यावर.

‘आई!’ नवरा ओरडला. ‘हात लावलास?’

‘दुसऱ्या कुनाला न्हाई लावू दिला,’ आत्या म्हणाल्या. ‘लेकीला हळद लावली, तिच्यासंगं जायलंय त्याला बी लागाया पायजे ना रे? नुस्ती टेकवली. जराशी.’

मी हसावं की रडावं! त्यांना हात लावायचा नाही म्हणजे लोकांनी. आईच्या हाताला कोण मनाई करतंय? लेकीबरोबर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्यांनी तेल-हळदीचं बोट लावलं होतं आणि तिथंच, बरोबर त्याच जागी, नाव यायचं होतं. मला सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर ती बोटं पुसणं. थिनरची चिंधी घेऊन मी बसले खरी, पण पहिल्या बादलीवर हात चालेना. इतकी नीट उमटली होती ती, टोकाला सुईनं टोचून टोचून राठ झालेली जागासुद्धा कळत होती. शेवटी आत्याच म्हणाल्या, ‘पूस गं बाई. हळद पोचली तिला. आता पुसून टाक.’

पुन्हा लॅम्प पेटवला, पुन्हा सगळ्यांवरून फिरवला, पुन्हा पाणी. या वेळी आत्या आपणहून लांब, भिंतीला टेकून बसल्या. दोन्ही हात पुढं, बोटं फाकून, मेंदी काढलेल्या नवरीसारख्या. कुणी पाहुणी म्हणाली, ‘अगं, हात कामून असे धरलेस?’ तर म्हणाल्या, ‘बोलू नकोस, काम चालू हाय.’ नवऱ्यानं छापायला सुरुवात केली. एकेक बादली उतरली की मी ती त्यांच्यासमोर ठेवायची. त्यांनी विचारलं, ह्यातलं माझं नाव कोणतं? मी वरची ओळ दाखवली. त्यांनी बोट उचललं आणि ओल्या शाईपासून वीतभर लांब, हवेतच, त्या अक्षरांवरून इकडून तिकडं फिरवलं. मग दुसऱ्या बादलीवर, मग तिसऱ्या. ‘समद्यावर सारखंच हाय व्हय?’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘हो आत्या, नाव एकच आहे ना तुमचं.’ त्या म्हणाल्या, ‘तसं न्हाई. कुटं बी चुकलं न्हाई ना, म्हनून इचारलं.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गंगाखेडची मंडळी आली. मांडवात रुखवत मांडलं होतं, मागं साडी बांधून, पुढं बाकांवर स्टील, त्यापुढं आमचं लाल-हिरवं. रुखवत म्हणजे खरं तर परीक्षाच. मांडायचं आपण, आणि बघायचं त्यांनी, डोळे बारीक करून. मुलाची चुलती पुढं होती. तिला वाचता यायचं आणि आपल्याला वाचता येतं हे चार लोकांना कळावं एवढी तरी हौस होतीच. ती परातीवरचं मामाचं नाव मोठ्यानं वाचून बादलीपाशी आली.

‘प्लॅस्टिकवर नाव?’ ती म्हणाली. ‘हे काय ऱ्हानार? आमच्याकडं एकानं दिली व्हती, दोन दिसांत साफ.’ आणि तिनं अंगठ्याचं नख लावून त्या नावावर घासलं. मग थुंकी लावून घासलं. मग पदरानं.

आत्यांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची बोटं माझ्या हातात रुतत होती. मी त्या नखाकडं बघत होते. मनात म्हणत होते, निघू नको बाई, निघू नको. तीन माणसांनी आणि एका लॅम्पनं केलेलं सगळं त्या नखाखाली होतं.

नाव निघालं नाही. एक टवकासुद्धा नाही.

‘ऱ्हायलं की,’ चुलती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुकच होतं, उगाच कशाला खोटं सांगू. मग तिनं ते नाव सावकाश, मोठ्यानं वाचलं. मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं. ‘कोन ही? मावशी हाय का नवरीची?’

आमच्या बाजूच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. वर्षानुवर्षं आत्यांच्या शेजारी राहिलेल्या, त्यांच्या चुलीवरून विस्तव नेणाऱ्या बायका. एकीलाही माहीत नव्हतं. खालची ओळ चुलतीनं अजून वाचली नव्हती. मी तोंड उघडलं, तर मनगटावरचा हात आणखी घट्ट झाला आणि मग सुटला. आत्या पुढं गेल्या.

‘म्या हाय ती,’ त्या म्हणाल्या. ‘माजं नाव हाय ते.’

चुलतीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग बाकावर सरकून जागा केली आणि त्यांना नावानं हाक मारली, पुढं ‘बाई’ लावून. ‘या की, बसा हितं.’

आत्या उभ्याच. मागं वळून बघायला लागल्या, कुणाला बोलावलंय म्हणून. मी जवळ जाऊन त्यांना कोपरानं ढोसलं आणि म्हटलं, ‘आत्या, तुमालाच बोलवायल्यात.’